परदेशी इंग्रजी शिक्षक टिकत नाहीत? कोरियातल्या शाळांनी या चुका टाळाव्यात

दक्षिण कोरियात शाळा मार्चमध्ये सुरू होतात. परदेशी शिक्षक फेब्रुवारीच्या थंडीत येऊन पोहोचतो आणि जूनमध्ये बॅग भरून निघून गेला, तर मुलांचं सत्र मध्येच तुटतं. शाळा म्हणते, ‘ही मंडळी टिकतच नाहीत.’ मला हे पटत नाही. भरतीच्या वेळी सांगितलं एक आणि पदरात पडलं दुसरं, हेच शिक्षक जाण्याचं कारण बहुतेक वेळा निघतं. हे लिहितोय ते शाळा आणि हागवॉन (म्हणजे तिथले खासगी क्लास) चालवणाऱ्यांसाठी आणि त्यांना माणसं मिळवून देणाऱ्या एजन्सींसाठी. तिकडे जाऊ पाहणाऱ्या मराठी शिक्षकांनाही यातून काय विचारायचं ते कळेल.

कागदपत्रं शेवटी मागणं

इंग्रजी शिकवण्यासाठी लागणारा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया व्यापार करार २०१० मध्ये लागू झाला आणि पदवीबरोबर शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांसाठी शाळांमध्ये सहायक शिक्षक म्हणून वाट खुली झाली. ही वाट अरुंद आहे, हे भारतीय उमेदवाराला पहिल्याच फोनवर सांगा. ‘टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं बघू’ असं कुणी म्हणत असेल, तर तिथेच थांबा. बेकायदा कामाची शिक्षा शिक्षक आणि शाळा दोघांनाही भोगावी लागते.

पदवी आणि पोलिसांचा दाखला, दोन्हींवर अपोस्टिल (म्हणजे कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) लागतं. अमेरिकन उमेदवार अनेकदा राज्याच्या पोलिसांचा दाखला आणतो. चालतो तो फक्त एफबीआयचा. दुसरा मागवण्यात आठवडे जातात, तोवर मार्च उजाडतो. म्हणून मुलाखतीची तारीख ठरवतानाच दाखल्याचा अर्ज केलाय का ते विचारा. दाखला फार जुना झालेला चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

करारातला ‘तास’ मोघम ठेवणं

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमणाऱ्या ईपिक योजनेत आठवड्याला २२ तास शिकवण्याचं ठरलेलं असतं. प्राथमिक शाळेतला तास ४० मिनिटांचा, माध्यमिकचा ४५ आणि उच्च माध्यमिकचा ५० मिनिटांचा. हागवॉनच्या करारात मात्र नुसतं ‘दर आठवड्याला ३० तास’ असं लिहिलेलं असतं. शिक्षक समजतो तीस तासिका. मालक घड्याळाचे तास धरतो, म्हणजे ४० मिनिटांच्या पंचेचाळीस तासिका! वह्या तपासणं, पालकांना फोन, मुलांना बसपर्यंत सोडणं हे कशातच मोजलेलं नसतं. सोमवार ते शुक्रवारचं खरंखुरं वेळापत्रक कराराला जोडा आणि जादा तासिकेचा दर आकड्यात लिहा. एक पान पुरतं.

अकराव्या महिन्यात काढून टाकणं

सलग एक वर्ष काम झालं की कोरियन कायद्यानुसार किमान तीस दिवसांचा सरासरी पगार नोकरी सोडताना निवृत्तीभत्ता म्हणून द्यावा लागतो. आपल्याकडच्या ग्रॅच्युइटीसारखंच हे आहे आणि परदेशी शिक्षकालाही लागू आहे. तो वाचवायला काही मालक अकराव्या महिन्यात काहीतरी खुसपट काढून शिक्षकाला घरी पाठवतात. दुसरी चाल म्हणजे नोकरी देऊन कागदावर ‘स्वतंत्र व्यावसायिक’ दाखवायचं, ३.३ टक्के कर कापायचा आणि पेन्शन-विम्यातला मालकाचा वाटा बुडवायचा.

हे सरळसरळ अन्यायाचं आहे आणि शेवटी महागातही पडतं. शिक्षक कामगार मंत्रालयाच्या १३५० क्रमांकावर फोन करू शकतो, मागची देणी निघतात, आणि परदेशी शिक्षकांच्या गटांमध्ये त्या क्लासचं नाव पसरतं. पुढच्या वर्षी चांगला उमेदवार अर्जच करत नाही. पेन्शनबद्दलही आधीच खरं सांगा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना देश सोडताना भरलेली रक्कम परत मिळते, ब्रिटनच्या नागरिकाला मिळत नाही. ‘सगळ्यांना मिळते’ असं ठोकून दिलं की वर्षाअखेरीस कटुता ठरलेली.

घर आणि पहिले पंधरा दिवस

शिक्षक रात्री पोहोचतो. खोलीत आधीच्या माणसाची डागाळलेली गादी, पांघरूण नाही, आणि जमीन तापवणाऱ्या ओंदोलची बटणं फक्त कोरियनमध्ये. परदेशी नोंदणी कार्ड हातात येईपर्यंत बँकेचं खातं आणि मोबाइलचं कनेक्शन दोन्ही अडतं, म्हणजे पहिला पगार होईपर्यंत खिशातलेच पैसे. स्वच्छ अंथरूण-पांघरूण, बटणांवर इंग्रजी चिठ्ठ्या, थोडा आगाऊ पगार आणि नोंदणीला सोबत जाणारं कुणीतरी, एवढं करा. शिक्षक शाकाहारी असेल तर शाळेच्या जेवणाबद्दल आधीच बोला. किमचीतही (कोबीचं आंबवलेलं कोरियन लोणचं) बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो.

सरकारी शाळांत आणखी एक अडचण असते. कोरियन शिक्षकांची दर काही वर्षांनी बदली होते आणि ती याच सुमारास. त्यामुळे परदेशी शिक्षकाची सहशिक्षिका बऱ्याचदा स्वतःच त्या शाळेत नवी असते. वर्ग सांभाळून वर त्याचं वीजबिल, दवाखाना, घरमालक हे सगळं तिच्याच गळ्यात पडतं आणि दोघांचंही बिनसतं. बाहेरची कामं कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या आणि सहशिक्षिकेच्या तासिका थोड्या कमी करा.

राजीनामा आलाच तर

ई-२ व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. मुदतीआधी दुसरीकडे जायचं तर जुन्या मालकाचं मुक्ततापत्र लागतं. ते रागाने अडवून ठेवू नका. अडकलेला शिक्षक मन लावून शिकवत नाही, आणि एखाद्या सकाळी न सांगता विमान पकडतो. नोटीस पाळायला सांगा, मुलांसाठी धड्यांच्या नोंदी लिहून घ्या, पत्र द्या. पुढच्या वर्षी राहणार का हे सातव्या-आठव्या महिन्यातच विचारा, आणि विचारताना वाढीव पगाराचा आकडा समोर ठेवा.