कुडाच्या भिंतीतला खांब बाहेरून कसा हुडकायचा

मृगाआधी सपरीला पत्रा लावायचा म्हणून लोखंडी ब्रॅकेट ठोकायला गेलो, अन् चार इंची खिळा सरळ तुराट्यांत घुसला. मातीचा पोपडा पायावर! तुराट्या बांधून वर माती लिंपलेला कूड वजन झेलत नाही बाप्पा, झेलतो तो आतला खांब.

आधी वर पाहा. वळचणीखाली मयालीचं, म्हणजे खांबांवरच्या आडव्या तुळईचं, टोक दिसतं, त्याच्या खाली बहुतेक खांब असतो. तिथून ओळंबा सोडा. जुनं लाकूड सरळ नसतं, चार बोटं इकडंतिकडं धरूनच चाला.

आता विळ्याच्या मुठीनं आडवं ठोकत जा. कुडावर आवाज भदभद, पसरट. खांबावर आखूड, टणक. लिंपणाला उभी बारीक भेग असली तर ती लाकडाची कड असू शकते.

खात्रीला सायकलचा स्पोक घासून टोकदार करा अन् हलकेच टोचा. जवळ वायर असेल तर आधी मेन स्विच बंद. इंच-दोन इंचांवर अडला की खांब. मग बोटभर बाजूला पुन्हा टोचून दोन्ही कडा काढा, खिळा मधोमध. लाकडातही भुसभुशीत आत गेला तर उधई समजा. आमच्या मामाजींकडचा एक खांब तसाच निघाला. पत्रा राहिला, आधी खांब बदलला.