क्रिप्टो घेतलंय? घरात कोणाला सांगायचं, किती सांगायचं

आधी एक माणूस पक्का करा. बायको, नवरा, मोठी बहीण, कोणीही चालेल, फक्त घाबरणारं नको आणि बोभाटा करणारं तर अजिबात नको. बँकेत नॉमिनी असतो, क्लेम फॉर्म असतो, पण तुमच्या स्वतःच्या वॉलेटला (म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या अ‍ॅपला) कोणी मॅनेजर नाही, ते परत उघडायचे गुप्त शब्द, म्हणजे सीड फ्रेज, गेले की पैसे गेले. क्वाड्रिगा नावाच्या कॅनडाच्या क्रिप्टो एक्स्चेंजचा (जिथे क्रिप्टोची खरेदी-विक्री होते) मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर 2018 मध्ये जयपूरला वारला तेव्हा पासवर्ड फक्त त्याच्याकडेच होते असं सांगितलं गेलं आणि हजारो लोक लटकले (पुढे चौकशीत निघालं की बराचसा पैसा त्यानेच आधी उडवला होता, ती गोष्ट वेगळी).

मग त्या माणसाला काय सांगायचं, तर क्रिप्टो घेतलंय एवढंच, ते कुठल्या एक्स्चेंजवर आहे, आणि सीड फ्रेजचा कागद कुठे ठेवलाय. ते 12 किंवा 24 शब्द हातानेच लिहा, फोटो काढू नका, गॅलरीतलं बरंचसं आपोआप क्लाउडवर जाऊ शकतं. मृत्युपत्रातही शब्द लिहू नका, त्याच्या झेरॉक्स दहा हातांतून फिरतात, तिथे फक्त जागा लिहा.

आणि नुसतं सांगून उपयोग नाही, करून घ्या. पाचशे रुपयांचं एक वेगळं वॉलेट बनवा, अ‍ॅप फोनमधून डिलीट करा आणि कागदावरून ते परत उघडायला त्यांनाच बसवा. एखादं स्पेलिंग चुकेल, क्रम चुकेल, चिडचिड होईल, होऊ द्या, तुम्ही समोर असताना झालेलं बरं.

सीएला मात्र सगळं सांगायचं. नफ्यावर 30 टक्के टॅक्स अधिक सेस, तोटा कशातूनही वजा होत नाही, आणि जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएस कापला जातो तो तुमच्या पॅनवर दिसतोच, म्हणजे तिथे लपवाछपवीला अर्थ नाही.

मित्र आणि बाकी नातेवाईक यांना आकडा सांगायचा नाही, स्टेटसला स्क्रीनशॉट तर नाहीच. फ्रान्समध्ये जानेवारी 2025 मध्ये लेजर या क्रिप्टो वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या सहसंस्थापकाला पळवून नेऊन खंडणीसाठी त्याचं बोट कापलं, एवढं आपल्याकडे कशाला होतंय म्हणाल, पण उसने मागायला तर लोक येतीलच ना. त्याहून वाईट म्हणजे "मी पण घेऊ का रे?" पुण्यात गेनबिटकॉइन नावाच्या योजनेचं फसवणुकीचं प्रकरण झालं तेव्हा महिन्याला 10 टक्क्यांच्या आमिषाने लोकांनी आपल्याच ओळखीच्यांना आत ओढलं होतं. तुमचं कॉइन खरं असलं तरी ते पडल्यावर मेहुणा तुमच्याकडेच बघणार. सरळ म्हणायचं, "थोडंफार आहे, पण मी कोणाला सल्ला देत नाही."

आधीच बोलून बसला असाल तर सारवासारव करत बसू नका. परत कोणी विचारलं तर हेच वाक्य पुन्हा, चहा पुढे करा, थोड्या दिवसांनी लोक दुसऱ्या कोणाच्या तरी नव्या फ्लॅटकडे वळतात.