टेबल सॉवर फळी उलट येते तेव्हा

माझे आजोबा बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, 1890 साली सयाजीराव महाराजांनी काढलेल्या तंत्रशाळेत. त्यांची हातकरवत अजून भिंतीला टांगलेली आहे. ती चिकटली की हात थांबतो, संपलं. माझा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेली विजेची गोल करवत, थांबत नाही. दहा इंची ब्लेड, मिनिटाला 2,800 फेरे. म्हणजे दाताचा वेग ताशी 130 किलोमीटरच्या वर. आणि टेबलाच्या वर ते दाते आपल्याच दिशेने येत असतात.

गेल्या पावसाळ्यात जुन्या हिंचक्याची सागवानी फळी उभी चिरत होतो. आदल्या दिवशी खाच पाडायची म्हणून ब्लेडमागची पात, म्हणजे चीर उघडी ठेवणारी पट्टी, काढली होती, ती परत बसवायला विसरलो. दोनेक फूट कापून झालं आणि चीर मागून मिटली. लाकडात ताण दडलेला असतो. कापलं की तो सुटतो, मग चीर कधी फाकते, कधी आवळते. मागचे दाते खालून वर येतात. त्यांनी फळी उचलली, आणि ती माझ्या कुशीला चाटून मागच्या प्लायवूडच्या गठ्ठ्यात घुसली. मी ब्लेडच्या रेषेत नव्हतो तो त्या गठ्ठ्यामुळेच, शहाणपणामुळे नव्हे. ठेवायला दुसरी जागा नव्हती.

तेव्हा पात आधी. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि चिरीपेक्षा कणभर पातळ हवी, म्हणजे चीर आवळत नाही. खाचेसाठी काढली तर मी ती स्विचवरच लटकवतो. ती हलवल्याशिवाय बटण दाबता येत नाही.

मग फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवतो ती कडेची सरळ पट्टी. प्लग काढा, एका दातावर खडूची खूण करा, पुढे फेन्सपर्यंतचं अंतर मोजा. ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा, पुन्हा मोजा. मागचं अंतर कमी भरलं तर फळी तिथे दाबली जाणारच. ब्लेड फळीच्या वर एखाद्या दाताएवढंच ठेवा. अरुंद पट्टी ढकलायला काठी घ्या, बोटं नकोत. हातमोजे घालू नका. दात कापड पकडतो आणि हातही सोबत नेतो.

चीर आवळायला लागली, तर फळी मागे ओढायचा मोह होतो. ओढू नका. ती टेबलावर दाबून धरा, गुडघ्याने स्विच बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मग चिरीत लाकडी पाचर मारा.

दुसरा प्रसंग लाईटचा. कापता कापता लाईट गेली, मी चहाला आत गेलो, स्विच चालूच. भाचा ब्लेडजवळचा भुसा झाडत होता. त्याने हात मागे घेतला, तेवढ्यात लाईट आली.

"मामा, तुम्ही बटण दाबलंत का?"

मी स्वयंपाकघरात होतो. तो बराच वेळ काही बोलला नाही. आता नो-व्होल्ट स्विच बसवलाय. लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. तो बसेपर्यंत लाईट गेली की मी आधी प्लग ओढत असे.

आमच्या गल्लीतला मिस्त्री चार इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावतो, गार्ड काढून. मिनिटाला 11,000 फेरे, आणि मशीन हातात. "काका, वीस वरसथी आम ज करुं छुं," म्हणतो, वीस वर्षं असंच करतोय. मागायला आला की मी ग्राइंडर देत नाही, जिगसॉ देतो, बारीक पातं वर-खाली चालणारी करवत. दोन दिवस रुसतो, मग चहाला येतो.