परदेशातल्या निवडणुकीचं निरीक्षण करायचंय?

कलिन्याला राज्यशास्त्राचं एम.ए. करणारी मुलं भेटली की हमखास विचारतात, आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षक व्हायचं तर अर्ज कुठे करायचा? सरळच सांगते. युरोपीय संघ प्रामुख्याने आपल्याच सदस्य देशांतले निरीक्षक घेतो. वॉर्सातल्या ‘ओडिर’कडे, म्हणजे युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेच्या निवडणुका पाहणाऱ्या कार्यालयाकडे, नावं जातात ती सदस्य सरकारांमार्फत. राष्ट्रकुलाच्या पथकात जुनी, अनुभवी मंडळी बोलावून घेतलेली असतात. आपण लक्ष ठेवावं ते बँकॉकच्या ‘ॲनफ्रेल’वर, म्हणजे आशियातल्या निवडणूक निरीक्षण संस्थांच्या जाळ्यावर, आणि माजी अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी काढलेल्या अटलांटाच्या कार्टर सेंटरवर. मीसुद्धा एका आशियाई संस्थेतर्फेच गेले. पगार मात्र धरून चालू नका. अल्पकालीन निरीक्षकाला साधारणपणे प्रवास, राहणं आणि रोजचा भत्ता मिळतो, बस.

अर्जाआधी २००५ साली संयुक्त राष्ट्रांत स्वीकारलेला निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांचा जाहीरनामा वाचा. निःपक्षपात आणि हस्तक्षेप न करणं, हा त्याचा गाभा. अनुभव म्हणून एखाद्या पक्षाचा पोलिंग एजंट होण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही. तो शिक्का पुढे आड येऊ शकतो.

दीर्घकालीन निरीक्षक कित्येक आठवडे आधी पोचतात आणि मतदार यादी, बाद झालेले उमेदवारी अर्ज, प्रचार, माध्यमं बघतात. नवख्याच्या वाट्याला येतो मतदानाचा दिवस. वेगळ्या देशाच्या जोडीदाराबरोबर केंद्रामागून केंद्र फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी फॉर्म भरायचा. रांग किती वेळ घेते, हे कुणाला विचारायचं नाही. शेवटी उभ्या असलेल्या माणसाची खूण मनात ठेवा, समजा हिरवी टोपी. घड्याळ बघा. टोपी बाहेर आली की पुन्हा बघा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानावर आलेलं वेगवेगळं लिहा. समोर चूक होत असली तरी केंद्राध्यक्षांना ‘असं करा’ म्हणायचं नाही. मला हेच सगळ्यात जड गेलं.

संध्याकाळी दार बंद झालं की सगळे थकलेले असतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. केनियात ऑगस्ट २०१७ च्या मतदानाबद्दल आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची सुरुवातीची निवेदनं बरीच अनुकूल होती. १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. दोष निघाले ते मुख्यतः निकाल पुढे पाठवण्यात. मलावीत २०१९ च्या निकालपत्रकांवर चक्क व्हाइटनर फिरवलेला होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने तीही निवडणूक रद्द ठरवली. रांगा शिस्तीत होत्या एवढ्यावर समाधान मानणारा निरीक्षक मला अर्धवट वाटतो. म्हणून दुपारीच पोटभर जेवून घ्या आणि मोजणीला थांबा. पेटीतल्या, खराब झालेल्या आणि न वापरलेल्या मतपत्रिकांची बेरीज सकाळी मिळालेल्या मतपत्रिकांशी जुळते का, ते पाहा. निकाल दारावर लावतात का? लावला तर आकडे जसेच्या तसे उतरवून घ्या आणि निकाल एकत्र करणाऱ्या वरच्या केंद्रात तेच पोचले का ते ताडून पाहा. आपल्याकडेही फॉर्म १७ सी आहे: केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब, त्याची प्रत एजंटांना मिळते. तो कोरा फॉर्म मिळवून रकाना न् रकाना समजून घ्या.

सराव मुंबईतच करता येतो. दिव्यांग आणि वृद्ध मतदारांना मदत करणारे स्वयंसेवक व्हा. २० मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं तेव्हा मुंबईत किती ठिकाणी लोक उन्हात ताटकळले! ‘मशीन बंद पडलं’ हे उत्तर तोंडावर तयार असतं. पण रांग नेमकी कुठे अडते? मोबाइलवरून दारातच वाद होतोय, आपली खोली कोणती ते मतदाराला कळत नाहीये, यादीत नाव सापडायला वेळ लागतोय, की खरंच यंत्र बिघडलंय? दर अर्ध्या तासाने वेळ टाकून वहीत लिहा. मग अर्जात ‘लोकशाहीबद्दल तळमळ’ वगैरे लिहिण्यापेक्षा त्या वहीतलं एक पान व्यवस्थित उतरवून जोडा.