आपल्याच सिरीजचा एपिसोड डायरेक्ट करायचाय? आधी एडिटिंग रूम गाठा

स्टार झालं की डायरेक्टरची खुर्ची आपोआप मिळते असं खूप जणांना वाटतं, पण अमेरिकन टीव्हीवर तरी तसं होत नाही. जोनाथन फ्रेक्सचंच घ्या, स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशनमधला रायकर, त्याने डायरेक्शन मागितलं तेव्हा निर्मात्यांनी सांगितलं आधी शिकून घे, मग शूटिंग नसेल तेव्हा हा माणूस एडिटिंग रूममध्ये नाहीतर दुसऱ्या डायरेक्टरच्या मागे, असे महिनेच्या महिने काढले त्याने आणि तेव्हा कुठे १९९० मध्ये 'द ऑफस्प्रिंग' हातात आला. त्या एपिसोडमध्ये रायकरला काम जेमतेम आहे.

तर आधी शोरनरकडे, म्हणजे सिरीजचा सगळा कारभार बघणाऱ्या मुख्य लेखक-निर्मात्याकडे जाऊन तोंडाने मागा, कोणी आपणहून देणार नाही. मग शॅडोइंग, म्हणजे दुसऱ्याच्या एपिसोडला मीटिंगपासून शेवटच्या कटपर्यंत सोबत बसायचं, मध्ये बोलायचं नाही, पण प्रत्येक सीनला स्वतःला विचारायचं की मी कॅमेरा कुठे लावला असता.

एडिटिंगवर मी एवढा जोर देते कारण नट म्हणून आपल्याला वाटतं टेक मस्त झाला म्हणजे सीन झाला, आणि तिकडे एडिटर बिचारा समोरच्याची एक साधी रिअॅक्शन शोधत असतो जी कोणी घेतलीच नाही, किंवा ग्लास एका शॉटमध्ये उजव्या हातात आणि दुसऱ्यात डावीकडे. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की सेटवर काय घ्यायचं ते कुणी शिकवावं लागत नाही.

एपिसोड कुठला मागायचा हे फार महत्त्वाचं. तासाभराच्या एपिसोडला साधारण सात-आठ दिवस तयारी लागते, आणि तेव्हाच तुम्ही आधीच्या एपिसोडमध्ये दिवसभर अभिनय करत असाल तर लोकेशन कधी बघणार, कुठले शॉट घ्यायचे त्याची यादी, म्हणजे शॉट लिस्ट, कधी करणार? ब्रेकिंग बॅडचा हिरो ब्रायन क्रॅन्स्टन, त्याने त्या सिरीजचे तीन एपिसोड डायरेक्ट केले, २००९, २०१० आणि २०१३ मध्ये, आणि तिन्ही शूटिंगच्या मोठ्या सुट्टीनंतरचे पहिले, म्हणजे तयारीला सुट्टी मोकळी. मॅड मेनचा हिरो जॉन हॅम, त्याने डायरेक्ट केलेला २०१२ चा एपिसोड टीव्हीवर नंतर आला पण शूट सगळ्यात आधी झाला होता. लीड रोल असेल तर हाच रस्ता धरा. (आपल्या मराठी डेली सोपमध्ये अशी सुट्टीच नसते, तिथे निदान ज्या दिवशी सेटवर बोलावणं नाही तो दिवस एडिटला द्या.)

शूट सुरू व्हायच्या आधी लेखकासोबत टोन मीटिंग होते, तिथे प्रत्येक सीन कशासाठी आहे ते विचारून घ्या, लाज बाळगू नका. शोचा लुक ठरलेला असतो, तो बदलायला जाऊ नका.

सेटवर सगळ्यात नाजूक काम म्हणजे काल आपल्यासोबत डबा खाणाऱ्या माणसाला सूचना देणं. वाक्य स्वतः म्हणून दाखवायचं नाही, कधीच नाही! त्याने ते पात्र वर्षानुवर्षं जगलंय, त्याला फक्त एक प्रश्न विचारा, तुला आत्ता हिच्याकडून काय हवंय, बस. तुमच्या स्वतःच्या सीनला स्टँड-इन, म्हणजे तुमच्या जागी दुसरा माणूस, उभा करून ब्लॉकिंग, म्हणजे कोण कुठे उभं राहणार आणि कुठे चालणार, ते बघून घ्या, आणि झालेला टेक मॉनिटरवर परत बघायला वेळ नसेल तर स्क्रिप्ट सुपरवायझरचं, म्हणजे प्रत्येक टेकची नोंद ठेवणाऱ्याचं ऐका.

डायरेक्टर्स गिल्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डायरेक्टरांच्या संघटनेच्या नियमाने तासाच्या एपिसोडला डायरेक्टरच्या कटसाठी, म्हणजे स्वतःच्या मनासारखं एडिट करायला, चार दिवस मिळतात, नंतर तो निर्मात्यांचा. एपिसोड टीव्हीवर आला की स्क्रिप्ट हातात घेऊन बसा आणि त्यांनी कुठे काय कापलं ते समासात लिहून ठेवा.