थंड इंजिनाचा खटखटाट कसा ओळखावा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच इंजिनातून खटखट ऐकू आली, तर रेस न देता बॉनेट उघडावे आणि तो आवाज किती वेळ टिकतो हे घड्याळ लावून पाहावे, कारण निम्मे निदान त्या वेळेतच दडलेले असते. दोन-तीन सेकंदांत थांबणारा खडखडाट बहुधा खाली उतरलेले ऑइल टायमिंग चेनच्या टेन्शनरपर्यंत (इंजिनातील साखळी ताणून धरणारा भाग) किंवा हायड्रॉलिक टॅपेटपर्यंत (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हजवळची फट भरून काढणारा भाग) पुन्हा पोहोचेपर्यंतचाच असतो. काही मिनिटांनी विरणारा पोकळ ठोका पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील वाढलेल्या फटीमुळे येतो. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तापून प्रसरण पावला, की ती फट कमी होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधील, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या पट्टीतील, गळतीही अशीच गरम झाल्यावर गप्प बसते आणि टॅपेटच्या आवाजाशी तिची हमखास गल्लत होते. मात्र मॅनिफोल्डच्या सांध्याजवळ काजळीचा काळा ओघळ दिसला, तर टॅपेटला हात लावण्याचे कारण नाही.

इंजिन तापल्यावरही टिकणारा आणि रेस दिल्यावर वाढणारा जड ठोका कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असू शकतो, म्हणून अशी गाडी चालवत न नेता टो करून न्यावी.

गॅरेजला जाण्यापूर्वी सपाट जागेवर डिपस्टिक (ऑइल मोजण्याची पट्टी) पुसून ऑइलची पातळी तपासावी, आणि मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० या श्रेणीचे ऑइल सांगितले असताना कोणी त्याहून दाट २०डब्ल्यू-५० भरलेले नाही ना, हेही पाहावे, कारण दाट ऑइल थंडीत वर चढण्यास वेळ घेते. गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत इंजिन तापून आवाज नाहीसा झालेला असतो, तेव्हा सकाळीच मोबाइलवर तो ध्वनिमुद्रित करून ठेवावा.