राडारोड्याच्या प्लॉटवर रांगोळीसारखी सामाईक बाग

जळगाव-धुळ्याकडच्या पडीक प्लॉटमध्ये वर काळी माती दिसते, पण कुदळ मारली की खाली विटा, सिमेंट, काचा. आधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरल्यावर पुन्हा भरा. दुसरं पाणी रात्रभरात जिरलं नाही तर तिथे वाफा उचलूनच घ्यावा लागेल. मातीवर व्हिनेगर टाकून फसफसलं तर चुना भरपूर आहे. अशा मातीत सामू (pH) चढतो, लोह मुळांना मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून कोवळी पानं पिवळी पडतात. त्यावर युरिया ओतणं हा पैशाचा चुराडा.

वाफ्यांची नक्षी सगळ्यांनी मिळून ठरवा, आखणी खुंट्या-सुतळीने करा. चुन्याची फक्की नको, चुना आधीच जास्त आहे! निवडलेल्या विटांचे तुकडे काठाला रचा: वाफा फूटभर उंच, चार फुटांपेक्षा रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. वाटा दोन फुटी. वळणं फार बारीक घेतली तर पहिल्याच पावसात काठ ढासळतात.

तळाला केळीच्या खांबाचे वीतभर तुकडे, वर दोन भाग माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत. खांब कुजताना वाफा बराच खचतो, तेव्हा भर घालायला माती राखून ठेवा. नक्षीच्या मोकळ्या जागेत हिरवळीच्या खतासाठी जूनमध्ये ताग पेरा, फुलोऱ्याला येताच मातीत गाडा.

जुन्या रंगाचे पोपडे दिसले तर शिसं असू शकतं. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पालक-मेथी, मुळा-गाजर नको, झेंडूच लावा.